नंदाला बघायचा कार्यक्रम

आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या शालिनीताई वर्षातून तीन-चार वेळा रविवारी संध्याकाळी मुलगी दाखवतात. कधी मुलगाही दाखवतात. सतरंजीवर धुतलेली चादर, कांदेपोहे, पोह्यांवर ओलं खोबरं, नंतर चहा, सगळं यथासांग असतं. बघायला आम्ही घरचेच: माझी आई, म्हणजे आक्का, माझी बायको सविता, समोरचे सुभेदारमामा आणि मी. एवढं सगळं असतं, फक्त जिला बघायला जमतो ती मुलगी जगात नसते.

शालिनीताई कादंबऱ्या लिहितात. प्रेमाच्या. आणि नायक-नायिका आम्हाला दाखवून पसंत करून घेतल्याशिवाय पहिलं पानसुद्धा लिहायचं नाही, असा त्यांचा नेम आहे. त्या मधल्या खुर्चीवर बसतात, ओढणी सारखी करतात आणि "वाजवून बघा" म्हणतात. बाजारात माठ घेताना आपण बोटानं वाजवून बघतो ना, तसं. मग त्या क्षणापासून त्या स्वतः शालिनी राहत नाहीत. नाव काय, शिक्षण किती, भाऊ किती, चहात साखर किती, सगळ्याची उत्तरं त्या मुलीच्या म्हणून देतात. आम्हाला पटलं तर कादंबरी सुरू. नाही पटलं तर "बद्द वाजतेय" म्हणून त्या मुलीला दुरुस्तीला घेतात.

पहिल्या वेळी मला वाटलं होतं, बाईंचं डोकं फिरलंय. दुसऱ्या वेळी मी प्रश्न घरून ठरवून गेलो.

सुभेदारमामा सैन्यातून निवृत्त झालेले. ते प्रत्येक नायकाची भरती घेतात. उंची, छाती, दृष्टी, धावतो किती. एका नाजूक कवी-नायकाला त्यांनी धावण्यात नापास केलं, तेव्हा ताईंनी बिचाऱ्याला पुढच्या खेपेला सायकल घेऊन दिली. पण खरी परीक्षा आक्काची. आक्का जामखेडकडची, शाळा दोन-चार बुकं, पण माणूस बघण्यात तिचा हात कोणी धरणार नाही असं तिचं स्वतःचं मत आहे. ताईंनी एकदा एक डॉक्टर दाखवला. देखणा, मनमिळाऊ, स्वतःची गाडी. सविताला तर तो फारच आवडला होता, मला जरा जास्तच वाटलं. आक्कानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "ह्याला भूक लागती का?" ताई गोंधळल्या. आक्का म्हणाली, दवाखान्यात जातो, पोरीला फुलं देतो, डोंगरावर जाऊन बसतो, मग जेवतो कवा? ताईंनी डॉक्टर परत नेला. महिन्याभरानं आणला तेव्हा तो दुपारी डबा उघडायला उशीर झाला की कंपाउंडरवर खेकसायला लागला होता. आक्कानं लगेच पसंत केला.

ताई स्वतः नागापूरच्या एमआयडीसीत एका कारखान्यात टाइम ऑफिसला आहेत. कोण कधी आलं, कोण कधी गेलं, हे बघण्यात त्यांचा दिवस जातो. पन्नाशी ओलांडलेली, उंच, केस आखूड, आवाज चर्चमध्ये गाऊन गाऊन तयार झालेला. लग्न केलेलं नाही. कितीतरी वर्षं आमच्याकडे भाड्यानं आहेत आणि घर आक्काच्या नावावर असल्यामुळे भाडं आक्काच्याच हातात देतात, वर नाताळात करंज्यांचा डबा. पुस्तकांवर त्यांचं टोपणनाव असतं. ते मी सांगणार नाही. सांगितलं तर भिंगारमधल्या निम्म्या बायका आमच्या जिन्यात येऊन बसतील.

त्या लिहितात कंपनीच्या बसमध्ये, गुडघ्यावर वही ठेवून. अक्षरावरून मला रस्त्यातले खड्डे कळतात. सुट्टीच्या दिवशी काही काम नसताना एसटीनं जामखेडला जातात आणि त्याच गाडीनं परत येतात. का, तर नवरा-बायकोची भांडणं ऐकायला. जामखेडची गाडी भांडणाला चांगली, असं त्यांचं म्हणणं आहे. पुण्याच्या गाडीत लोक मोबाईल बघत बसतात, त्यांचा काही उपयोग होत नाही. परत आल्या की गच्चीवर जाऊन ती भांडणं दोन्ही आवाजांत म्हणून बघतात. शेजारच्या गल्लीत नवीन राहायला आलेल्या एका कुटुंबाला बरेच दिवस वाटत होतं की वर एक अतिशय दुःखी जोडपं राहतं.

आता माझं. माझं बाजारात डीटीपीचं दुकान आहे. नगरचं अहिल्यानगर झालं तेव्हा लेटरहेडांनी मला हात दिला, एरवी माझं दुकान लग्नपत्रिकांवर आणि शालिनीताईंवर चालतं. त्यांच्या सगळ्या कादंबऱ्या मी टाइप केल्या आहेत. पत्रिका करून करून माझी प्रेमाबद्दलची समजूत "आपली उपस्थिती प्रार्थनीय आहे" इथपर्यंत येऊन थांबली होती. ताईंमुळे ती पुढे सरकली, आणि याचे उपकार मी मानतो. लग्नाला बरीच वर्षं झाल्यावर एका संध्याकाळी मी सविताला विचारलं, "आज दमलीस का गं?" सविता म्हणाली, "ताईंची नवीन कादंबरी आलीय वाटतं टायपिंगला." आली होती. पण नंतर विचारायची सवय राहिली.

दुकानात हे टायपिंग करणं सोपं नसतं. एकदा नायक-नायिका बागेत जवळ जवळ यायला लागले होते आणि उत्पन्नाच्या दाखल्याची झेरॉक्स काढायला आलेले एक काका माझ्या मागे उभे राहून वाचत होते. मी थांबलो तर ते स्टूल ओढून बसले आणि म्हणाले, "हं, पुढं?"

असंच एकदा ताई दुकानात आल्या. गिऱ्हाईक नव्हतं. त्या म्हणाल्या, "विलास, तुला एक सांगायचंय, कारण पुढचं तूच टाइप करणार आहेस. मला पुरुषही आवडले आहेत आणि बायकाही. दोन्ही मनापासून. त्याला बायसेक्शुअल म्हणतात. मी तशी आहे, कायमच होते."

अशा वेळी माणसानं काय म्हणायचं असतं हे कुठल्याच पत्रिकेच्या मजकुरात येत नाही. मी स्क्रीनकडे बघितलं, ताईंकडे बघितलं आणि विचारलं, "फॉन्ट नेहमीचाच ठेवू ना?" ताई इतक्या हसल्या की बाहेरून जाणारा भाजीवाला थांबला. मग डोळे पुसत म्हणाल्या, नेहमीचाच ठेव.

त्याआधीही त्यांच्या पुस्तकांत अशी माणसं अधूनमधून येऊन गेली होती. एका कादंबरीत जामखेड रस्त्यावर रसवंती चालवणारे दोन पुरुष होते, सदा आणि बाळू. कार्यक्रमात ताईंनी दोघांची उत्तरं एकटीनं दिली. बाळूला उन्हाचा त्रास होतो म्हणून सदा दुपारी चरकावर स्वतः उभा राहतो, आणि सदा गिऱ्हाइकाशी भांडला की बाळू रात्री त्याच्याशी बोलत नाही. आक्का म्हणाली, "लई जपत्यात एकमेकांला. द्या पास." ताई त्या दिवशी खुशीत जिना उतरून मला सांगायला आल्या होत्या, आक्काला कळलं नाही, पण पटलं. त्यांच्या लेखी पटणं मोठं.

नंदाच्या बाबतीत मात्र त्यांचा हात चालेना. नंदा जामखेड डेपोची कंडक्टर, वय बत्तीस, घरी आई आणि दोन भाऊ. टेम्पो चालवणाऱ्या सुनीलवर तिचा जीव होता, पण त्याच्या घरच्यांनी त्याचं लग्न दुसरीकडे लावलं. काही वर्षांनी डेपोजवळ मेस चालवणारी अलका तिला भेटते आणि नंदाचा जीव तिच्यावर जडतो. गोष्ट एवढीच. ताईंच्या कादंबऱ्या हल्ली एका ॲपवर दर आठवड्याला येतात. तिथल्या संपादक बाईंनी सुचवलं की सुनीलवरचं प्रेम खोटं होतं असं दाखवा, म्हणजे वाचक गोंधळणार नाही. ताईंनी त्यांना फोनवर सांगितलं, "दोन्ही खरं आहे. एक खोडून दुसरं लिहिणार नाही मी." हे ऐकून मला आमच्या भाडेकरूचा फार अभिमान वाटला.

पण टाइप करताना मला नंदा काही आवडेना. ती कधी चिडत नव्हती. सुटे पैसे नसणाऱ्या पॅसेंजरशीसुद्धा गोड बोलत होती. असा कंडक्टर मी उभ्या जन्मात बघितलेला नाही. शेवटी धीर करून म्हटलं, ताई, ही बद्द वाजतेय.

त्या चिडल्या. कागद उचलून निघाल्या आणि दुकानाच्या पायरीवरून परत आल्या. "मला भीती वाटते," त्या म्हणाल्या. "माझ्या डॉक्टरनं शिव्या घातल्या तर लोक म्हणतात, हा डॉक्टर तापट आहे. नंदा एकदा खोटं बोलली तर म्हणतील, बघा, असल्या बायका अशाच. म्हणून मी तिला घासूनपुसून लख्ख करत बसते, आणि ती मरते."

मी म्हटलं, मग कार्यक्रमात आणा तिला. त्यांनी हातातले कागद सारखे केले. मग म्हणाल्या, "आक्कानं तिला नापसंत केलं तर मला ती लिहिता येणार नाही. आणि वर राहताही येणार नाही, विलास. आक्का काढणार नाही, मला माहितीय. मलाच राहवणार नाही."

म्हणून नंदाचा कार्यक्रम पुढे पुढे जात राहिला. पण नंदा काही त्यांच्या डोक्यातून जात नव्हती. येता-जाता जिन्यात आक्का भेटली की ताई तिची खबर द्यायच्या. आज नंदाची गाडी पंक्चर झाली, आज नंदानं एका म्हातारीला फुकट चहा पाजला. आक्कालाही सवय लागली. दुपारी ती स्वतःच विचारायची, नंदा काय म्हनती. आणि दर गुरुवारी जामखेडला धाकट्या बहिणीला, म्हणजे आमच्या मावशीला फोन करायची तेव्हा घरच्या बातम्यांबरोबर नंदाचीही बातमी जायची.

शेवटी ताईंनी एकदाचा रविवार ठरवला. चर्चमधून आल्या, इस्त्रीची साडी नेसल्या. एरवी त्या कार्यक्रमाला साडी नेसत नाहीत. आम्ही वर जाऊन बसलो. ताई पोह्यांचं पातेलं उतरवत होत्या तेवढ्यात खाली गाडी थांबली आणि मावशी जिना चढून आली. मागे तिचा मुलगा प्रकाश, नव्या शर्टावर घडीच्या रेघा. मावशीच्या हातात नारळ आणि खणाची घडी.

मावशीनं टेकत टेकत सांगितलं, म्हटलं तुमचा कार्यक्रम हायेच, तर आमीबी बघून घेऊ नंदाला. प्रकाश नागापूरलाच कामाला हाय, पोरगी कंडक्टर, दोघांचा पगार, बरं पडंल.

प्रकाश चांगला मुलगा. कारखान्यात मशिनवर आहे, पण नोकरी कायम नाही, म्हणून लग्न जमत नाही. पस्तिशी गाठत आली आणि नकार ऐकून ऐकून तो हल्ली पोहे खातानाही मान वर करत नाही. मी आक्काला दाराबाहेर घेतलं आणि विचारलं, तू नंदाबद्दल सांगितलंस तेव्हा ती कादंबरीतली आहे हे नाही का सांगितलंस?

"तिनं इचारलं न्हाई," आक्का म्हणाली.

सविता मावशीला खरं सांगायला उठली होती. ताईंनी तिचा हात धरून बसवलं. म्हणाल्या, राहू दे, आज नाही झालं तर पुन्हा माझ्याच्यानं होणार नाही. मग खुर्चीवर बसल्या आणि मावशीला म्हणाल्या की नंदा ड्युटीवर आहे, तिच्या जागी मी बोलते, मला तिचं सगळं माहीत आहे. मावशीला त्यात वावगं काही वाटलं नाही. मुलगी गप्प आणि दुसरीच बाई बोलतेय, असे कार्यक्रम तिनं पुष्कळ बघितले होते.

स्वयंपाकाचा प्रश्न झाला. भाकरी जाड होते, घाई असते, असं उत्तर आलं. सुभेदारमामांनी ड्युटीच्या वेळा विचारल्या आणि पहाटेची पहिली गाडी ऐकून खूश झाले. मग प्रकाश पहिल्यांदा बोलला. त्यानं विचारलं, "त्यांना राग येतो का?"

"येतो," ताई म्हणाल्या. "सुट्ट्या पैशांवरून येतो. खिडकीतून थुंकणाऱ्याचा येतो. एकदा तर अलकाच्या मेसमध्ये मी भरलं ताट ढकलून दिलं. तिनं दिवसभर माझी वाट बघितली होती आणि मी उशीर का झाला ते खोटं सांगितलं होतं."

हे मी टाइप केलेल्या पानांत कुठेच नव्हतं. मी सावरून बसलो. माठ छान वाजला होता.

"अलका कोन?" मावशीनं विचारलं.

"माझा जिच्यावर जीव आहे ती."

"मैत्रीन व्हय?"

"नाही मावशी. तुम्ही प्रकाशसाठी जशी जोडीदारीण शोधताय, तशी."

मावशीनं बशी खाली ठेवली. सविता माझ्याकडे बघायला लागली आणि मी सुभेदारमामांकडे. मामांनी चष्मा काढून पुसायला घेतला. प्रकाश तेवढा खाली न बघता सरळ ताईंकडे बघत होता. त्यानं विचारलं, आधी कोणी होतं का. ताईंनी सुनीलचं सांगितलं. प्रकाशनं विचारलं, मग त्यो खोटा हुता का?

"नाही," ताई म्हणाल्या. "तोही खरा होता. हीसुद्धा खरी आहे."

आता आक्का काय म्हणते याकडे सगळ्यांचे कान. आक्का बोटानं गुडघा दाबत बसली होती. तिनं मान वर केली आणि कुठल्याही स्थळाला विचारावं तसं विचारलं, "तू नि अलका एका घरात ऱ्हानार. मग सकाळचा च्या कोन करनार?"

ताईंना आजवर उत्तरासाठी थांबावं लागलेलं मी बघितलं नव्हतं. त्यांच्या माणसांच्या उशीत कापूस कुठला हेसुद्धा त्यांना माहीत असायचं. या वेळी त्या थांबल्या. ओढणी नव्हती, तर पदर सारखा करत राहिल्या.

"मला माहीत नाही आक्का," त्या म्हणाल्या. "माझ्या घरात सकाळचा चहा कायम मीच केलाय. मीच केला आणि मीच प्यायले."

नंदा तर आई-भावांबरोबर राहते. हे उत्तर नंदाचं नाही, हे खोलीतल्या आम्हा सगळ्यांना कळलं. इतक्या प्रेमकथा लिहिणाऱ्या बाईच्या सगळ्या कादंबऱ्या दोघांनी हो म्हणताच का संपतात, तेही मला तेव्हा कळलं. त्यापुढचं त्यांनी कधी बघितलंच नव्हतं.

आक्का उठली. कठडा धरत, एकेक पायरी करत खाली निघून गेली. ना पसंत म्हणाली, ना नापसंत.

सवितानं मावशीला स्वयंपाकघरात नेऊन नंदा पुस्तकातली असल्याचं सांगितलं. मावशीला त्याचा जास्तच राग आला. मित्राची गाडी मागून आणली, पेट्रोल टाकलं, नारळ घेतला, आणि पोरगी पुस्तकातली. आणि वर पुन्हा असली. ती नारळ घेऊन खाली उतरली. प्रकाश मात्र दारात रेंगाळला. ताईंना म्हणाला, "मॅडम, नकार मला लई मिळाले. पर एवढं खरं कारन सांगून कुनीच दिला न्हाई." आणि पायांत चपला सरकवून गेला.

सोमवारी कंपनीची बस यायच्या आधी ताई दुकानात आल्या. नंदाचे कागद परत मागितले आणि नागापूरच्या बाजूला एखादी खोली बघून ठेवशील का, म्हणून विचारलं. मी आक्काशी बोलतो म्हटलं, तर नको म्हणाल्या. तिला माझ्यामुळे उत्तर द्यायला लावू नकोस. त्या दिवशी मी एका पत्रिकेत नवऱ्या मुलाच्या जागी मुलीच्या मामाचं नाव घातलं.

रात्री जेवताना आक्कानं मला एकच विचारलं. "ते रसवंतीवालेबी तसंच हुते व्हय?" मी हो म्हटलं. ती आणखी अर्धी भाकरी गप्प खात बसली. मग मावशीचा फोन आला. पलीकडून मावशीचा चढा आवाज मला ताटावर बसून ऐकू येत होता, तसली बाई घरात कशी ठेवलीस वगैरे. आक्कानं तिला पूर्ण बोलू दिलं. मग म्हणाली, "माझ्या घरात कोन ऱ्हातं ते मी बघीन," आणि फोन सविताच्या हातात दिला, कारण तो बंद कसा करायचा ते तिला येत नाही.

नंदाची कादंबरी पुढे झाली, हे इथेच सांगून टाकतो. ॲपवर गाजली. सुनील तसाच राहिला, अलकाही राहिली, संपादक बाईंनी नंतर कळवलं की गोंधळल्याची तक्रार कोणीच केली नाही. काही वाचकांनी ताईंना लिहिलं की आपल्यासारखं माणूस त्यांना पहिल्यांदाच एसटीत, मेसमध्ये, सुट्ट्यावरून भांडताना दिसलं. ते ताईंनी आम्हाला दोनदा वाचून दाखवलं. मी फक्त टाइप करणारा, पण मलाही कोणीतरी आभार मानल्यासारखं झालं. खरं तर आभार मी मानायचे. ही बाई आमच्या डोक्यावर राहायला आली नसती तर आम्ही चौघं रविवारी संध्याकाळी टीव्ही बघत बसलो असतो.

पण मला सांगायचंय ते मंगळवारचं. सकाळी आक्का जिन्याशी उभी राहून ओरडली, "शालन, खाली ये च्याला."

ताई आल्या त्या खांद्याला ऑफिसची पर्स लावूनच. खोली कधी सोडतेस, हेच ऐकायला आल्यासारख्या स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहिल्या. सविता शिक्षिका, तिची सकाळची शाळा असते, म्हणून आमच्याकडे चहा मी करतो. आक्कानं त्यांना शेजारी बसवलं आणि माझ्याकडे बोट दाखवलं. "बघून घे. ह्यो करतो. लई गोड करतो, कवापासनं सांगतेय, ऐकत न्हाई. जो आधी उठतो त्यानं करायचा, नि मागनं उठनाऱ्यानं नावं ठेवायची. असं असतंय एका घरात. तुझ्या नंदाचं ते लिही. बाकी पोरगी बरी हाय."

ताई पर्स मांडीवर घट्ट धरून बसल्या होत्या. मी कप भरायला लागलो.

आक्का जरा पुढे सरकली. दोन दिवस तिच्या मनात काय चाललं होतं ते आता बाहेर आलं. "मला त्यातलं समदं समजलं असं न्हाई. पर तुझ्यासाटी कुनी बघितलंच न्हाई इतकी वर्सं, आमीबी न्हाई. आता मी बघते. आधी सांग, बाईचं स्थळ बघू का बाप्याचं?"

ताईंनी मान खाली घातली. बाहेर कंपनीच्या बसचा हॉर्न वाजला. त्या उठल्या नाहीत.

"आक्का," त्या म्हणाल्या, "हे मला आजपर्यंत कुणी विचारलं नव्हतं." मग, अगदी हळू, "दोन्हीतलं कुठलंही चालेल."

"बरं," आक्का म्हणाली, आणि त्याच सुरात पुढचा प्रश्न विचारला. "तुमच्या चर्चमधलंच पायजे, का कुनीबी चालंल?"

ताई रडत होत्या, आणि आक्का उत्तराची वाट बघत त्यांचा चहा बशीत ओतत होती.